जहाज थांबवण्याची ताकद : कॅरिबियन बंदरांचा सोयीस्करपणे विसरलेला इतिहास

१/
कॅरिबियन समुद्राचा इतिहास समाजमाध्यमांवर बहुधा तीन चित्रांत उरकला जातो. पहिल्या चित्रात समुद्री चाचे, दुसऱ्यात उसाचे मळे आणि गुलामगिरी, तिसऱ्यात निळ्या पाण्यावर उभे असलेले पांढरेशुभ्र क्रूझ जहाज. खाली एक ठरलेली ओळ असते : साखरेने नागवलेली बेटे अखेर पर्यटनाने तारली. हा धागा त्या ओळीच्या विरोधात आहे. ती ओळ अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा ज्यांच्या पथ्यावर पडतो त्यांची नावे व पत्ते इतिहासाला ठाऊक आहेत.

२/
बंदराचा इतिहास लिहिताना किती जहाजे आली, किती माल उतरला, किती प्रवासी आले, हे मोजले जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच विचारला जातो : आलेले जहाज थांबवण्याची ताकद किनाऱ्यावरच्या माणसाकडे होती का? हा प्रश्न हाती घेऊन गेल्या साडेतीनशे वर्षांकडे पाहिले, तर क्रूझ पर्यटन हे नवे पर्व वाटेनासे होते. ते साखर आणि केळ्यांनंतरचे तिसरे पीक ठरते. आणि या पिकाच्या बाबतीत किनाऱ्याची ताकद आधीपेक्षाही घटलेली दिसते.

३/
जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील फाल्मथ हे गाव घ्यावे. १७६९ साली वसवलेले हे शहर ट्रेलॉनी परगण्यातील साखर आणि रम बाहेर नेण्यासाठी उभे राहिले. गव्हर्नर विल्यम ट्रेलॉनी याच्या इंग्लंडमधील जन्मगावाचे नाव त्याला मिळाले. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे या धक्क्यावर उतरत आणि त्यांच्या श्रमांची साखर त्याच धक्क्यावरून जाई. शहराची आजही देखणी दिसणारी जॉर्जियन घरे या व्यापाराच्या नफ्यातून बांधलेली आहेत.

४/
या बंदराचे नियम मात्र फाल्मथमध्ये ठरत नसत. १६६० च्या इंग्रजी नौकानयन कायद्यानुसार वसाहतींतील साखर इंग्रजी जहाजांतूनच, आणि इंग्लंड किंवा इंग्रजी वसाहतींकडेच नेता येत असे. शुद्ध केलेल्या साखरेवर इंग्लंडमध्ये जबर जकात होती, म्हणून बेटांवरून कच्ची साखर जाई आणि तिचे शुद्धीकरण लंडन, ब्रिस्टल, ग्लासगो येथे होई. कष्ट बेटावर, कायदा आणि मोलवाढ परदेशी : ही व्यवस्था साखरेने घालून दिली. पुढची पिके याच साच्यात ओतली गेली.

५/
३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री फाल्मथमध्ये बाप्टिस्ट मिशनरी विल्यम निब आणि नुकतेच पूर्ण स्वतंत्र होत असलेले हजारो लोक जमले. साखळदंड, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा शवपेटीत घालून रीतसर पुरण्यात आले. कॅरिबियन इतिहासातील हा अतिशय उदात्त प्रसंग आहे. मात्र त्या शवपेटीत बंदराची व्यवस्था पुरली गेली नव्हती. माणसे मोकळी झाली, पण जहाज कोणाचे, भाव कोणाचा आणि कायदा कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच होती.

६/
दुसरे पीक केळ्यांचे. १८७०-७१ च्या सुमारास लोरेन्झो डाऊ बेकर नावाच्या अमेरिकन कप्तानाने जमैकातून केळी नेऊन अमेरिकेत विकली आणि त्याला या व्यापाराचा अंदाज आला. १८८५ साली बोस्टन फ्रूट कंपनी उभी राहिली. १८९९ साली तिच्यासह काही व्यवसायांच्या विलीनीकरणातून युनायटेड फ्रूट कंपनी जन्मली. उष्ण कटिबंधातील ऊन परतवून आतला माल थंड राहावा, म्हणून या कंपनीची जहाजे पांढऱ्या रंगाने रंगवली जात. पुढे हा काफिला ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’ म्हणून ओळखला गेला.

७/
याच जहाजांतून प्रवासीही येत. बेकरने पोर्ट अँटोनिओ येथे टिचफील्ड हॉटेल चालवले ते याच हिशेबाने. केळ्यांसाठी जहाज दक्षिणेकडे येणारच होते. मग थंडीने गारठलेल्या श्रीमंत अमेरिकनांना घेऊन का येऊ नये? कॅरिबियन सागरी पर्यटन अशा रीतीने फळव्यापाराच्या पोटातून बाहेर आले. आजच्या जाहिरातीतील जहाजाचा पांढरा रंग पाहताना केळ्यांच्या या काफिल्याची आठवण ठेवावी. पर्यटन हे मळेव्यवस्थेनंतर आलेले औषध आहे, ही समजूत इथेच डळमळते. मळ्याचा माल आणि पर्यटक एकाच जहाजात बसून आले होते.

८/
केळ्यांच्या बंदरातही भाव जहाजवाल्याचाच. नऊ फण्यांचा घड तो पूर्ण घड. फण्या कमी भरल्या की तो अपूर्ण धरून दाम कापले जाई. फळ नाशवंत, शेतकरी लहान आणि खरेदीदार बलाढ्य. नाकारलेला घड घरी परत नेऊन शेतकरी करणार काय? या कोंडीतून सुटण्यासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस जमैकातील उत्पादकांनी सहकारी संघ उभारला आणि स्वतःची जहाजसेवाही सुरू केली. युनायटेड फ्रूटच्या स्पर्धेपुढे पुढच्या दशकात त्या संघाला आपले सहकारी स्वरूप सोडावे लागले. शेतकऱ्यांनी नेमकी नस ओळखली होती : ज्याचे जहाज, त्याचे बंदर.

९/
तरीही त्या काळात किनाऱ्याच्या हाती एक हत्यार होते. १८९२ साली डॅनिश अमलाखालील सेंट थॉमस बेटावर, शार्लट अमाली बंदरात, डोक्यावर कोळशाच्या पाट्या वाहून जहाजे भरणारे कामगार संपावर गेले. यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. मजुरी घसरलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत दिली जात होती आणि बाजारात त्या नाण्यांना किंमत उरली नव्हती. ‘क्वीन कोझाया’ या नावाने लोकस्मृतीत राहिलेल्या स्त्रीने त्यांचे नेतृत्व केले. अखेर मजुरीच्या नाण्याबाबत प्रशासनाला नमते घ्यावे लागले.

१०/
मे १९३८ मध्ये जमैकात फ्रोम येथील साखर कारखान्याच्या मजुरांवर गोळीबार झाला. त्याच महिन्यात किंग्स्टनच्या गोदी कामगारांनी काम बंद केले आणि पाहता पाहता सारे शहर थांबले. अलेक्झांडर बुस्टामांटे यांना अटक झाली, सुटकाही झाली. या उठावातूनच तेथील मोठी कामगार संघटना उभी राहिली आणि आधुनिक राजकीय पक्षांची पायाभरणी झाली. १९४४ साली जमैकाला प्रौढ मताधिकार मिळाला. जमैकाच्या लोकशाहीची वाट गोदीच्या फाटकातून गेली आहे, हे विधान अतिशयोक्त ठरू नये.

११/
या कामगारांची ताकद कशात होती? साखर बेटावर होती, केळी बेटावर होती, कोळशाचा साठाही बेटावरच होता. हमालाने पाटी खाली ठेवली की जहाज अडकून पडे. मालकाला आवडो वा न आवडो, त्याचे गिऱ्हाईक तिकडे आणि माल इकडे, अशी स्थिती होती. मालाला किनाऱ्यावरून उचलून जहाजात नेणारे हात म्हणजेच किनाऱ्याचा आवाज होता. क्रूझ व्यवसायाने नेमका हाच दुवा तोडला.

१२/
त्याची तयारी आधीच झाली होती. अमेरिकेत दारूबंदी लागू असताना, १९२२ साली, ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ या दोन अमेरिकन प्रवासी जहाजांवर पनामाचा ध्वज चढवण्यात आला. कारण अमेरिकन ध्वजाखाली प्रवाशांना मद्य देता येत नव्हते. ध्वज बदलला की कायदा बदलतो, हा धडा जहाजमालक कधीही विसरले नाहीत. मद्यासाठी शोधलेली पळवाट पुढे कर, वेतन आणि कामाचे तास यांच्यासाठी राजमार्ग बनली.

१३/
जेट विमानांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांचा धंदा बसवल्यावर समुद्राचा वापर नव्याने शोधला गेला. डिसेंबर १९६६ मध्ये क्नूट क्लोस्टर आणि टेड अॅरिसन यांनी ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून बहामाकडे नेले. १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन आणि १९७२ मध्ये कार्निव्हल उभी राहिली. गिऱ्हाईक प्रामुख्याने अमेरिकन, मुख्यालये मायामीत. परंतु कागदोपत्री कार्निव्हल अनेक दशके पनामाची, रॉयल कॅरिबियन लायबेरियाची आणि नॉर्वेजियन बर्म्युडाची. नावात कॅरिबियन असलेली कंपनीसुद्धा कॅरिबियन नाही.

१४/
आता ११ व्या टिपणातील गणित उलटे करून पाहावे. क्रूझ जहाजाचा ‘माल’ म्हणजे प्रवासी. तो मायामीत चढतो आणि मायामीतच उतरतो. त्याचे भाडे आधीच जमा झालेले असते. जेवण, मद्य, जुगार, करमणूक सारे जहाजावर असते. किनाऱ्यावरची सहलही बहुधा जहाजावरच विकली जाते. बंदरात सहा-आठ तास थांबून तो निघून जातो. साखर जिथे पिकली तिथूनच उचलावी लागे. ऊन आणि वाळू मात्र प्रत्येक बेटावर आहे. एखाद्या बेटावर संप झाला, कर वाढला, तर वेळापत्रकातील एक ओळ बदलली की काम भागते.

१५/
हे केवळ तर्कट नाही. १९९० च्या दशकात कॅरिकॉम राष्ट्रांनी दर प्रवाशामागे किमान १० डॉलरचा समान कर बसवण्याचे ठरवले. कंपन्यांचा विरोध झाला, बेटांची एकी फुटली आणि बेत बारगळला. त्याच दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने पूर्व कॅरिबियन बेटांवर कचरा-व्यवस्थापनाचा प्रकल्प आला; जहाजांवरील कचराही त्यात येत होता. त्यासाठी दर प्रवाशामागे दीड डॉलर आकारायचे होते. ग्रेनाडाने आग्रह धरताच कार्निव्हलने आपली जहाजे तिथून वळवली. दीड डॉलर! बोटीवरच्या एका शीतपेयाच्या किमतीसाठी एका सार्वभौम राष्ट्राला हिसका दाखवला गेला.

१६/
इथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. टॅक्सीचालक, वाटाडे, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या बायका, गोदीतले कर्मचारी यांची चूल या जहाजांवर पेटते. साखर बुडाली, केळ्यांचा बाजार आटला. लहान बेटांनी करावे तरी काय? हा प्रश्न खरा आहे. परंतु ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ ही सौद्यातील हतबलता आहे, समृद्धीचा पुरावा नव्हे. बेटावर मुक्कामाला राहणारा पर्यटक तासाभराच्या पाहुण्यापेक्षा कितीतरी अधिक खर्च करतो, हे तेथील सरकारांनाही ठाऊक आहे. तरीही खोल धक्के बांधण्याची चढाओढ संपत नाही, कारण शेजारच्या बेटाने तो आधी बांधला तर काय, ही भीती प्रत्येकाला आहे.

१७/
पुन्हा फाल्मथकडे वळावे. २०११ साली जमैकाचे बंदर प्राधिकरण आणि रॉयल कॅरिबियन यांच्या भागीदारीतून तेथे प्रचंड क्रूझ धक्का सुरू झाला. समुद्रतळ खणून खोली वाढवण्यात आली. शहराची वस्ती दहा हजारांच्या आत. ‘ओएसिस’ वर्गाचे एकच जहाज ५,००० हून अधिक प्रवासी आणते. बंदराच्या कुंपणाआड जॉर्जियन धाटणीची नवी दुकाने उभी आहेत. खरी जॉर्जियन घरे कुंपणाबाहेर आहेत. निबच्या सभेची जागाही बाहेरच. इतिहासाची प्रतिकृती आत आणि इतिहास बाहेर, अशी ही वाटणी आहे.

१८/
‘मग काय, क्रूझ म्हणजे गुलामगिरी?’ असा उपहास अशा लेखनाच्या वाट्याला येतोच. उत्तर सरळ आहे : नाही. पर्यटक मळेवाला नाही आणि जहाजावरचा वाढपी गुलाम नाही. क्रौर्याची तुलना करणे हा मृतांचा अपमान ठरेल. तुलना रचनेची आहे : कायदा कुठला, नफा कुठे साठतो, आणि नकार देण्याचा अधिकार कोणाला. या तीन प्रश्नांवर १७६९ चे फाल्मथ आणि २०११ चे फाल्मथ यांची उत्तरे अस्वस्थ करण्याइतकी जवळ आहेत. ज्यांना ही तुलना खटकते त्यांनी उत्तरे तपासावीत. टर उडवून ती बदलणार नाहीत.

१९/
आणि आता ती गोष्ट, जी माहितीपत्रकात कधीच नसते. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आजही लागू आहे. परकी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्याची त्याने मनाई केली. देशी जहाजउद्योगाच्या रक्षणासाठी तो झाला. परिणाम असा की, मायामीहून निघून मायामीला परतणाऱ्या परध्वजी जहाजाची सफर नियमात बसवायची, तर व्यवहारात वाटेत एक तरी परके बंदर घ्यावे लागते. ज्या बेटांना ‘तुमची गरजच काय’ म्हणून धमकावले जाते, त्यांची गरज खुद्द अमेरिकन कायद्याने लिहून ठेवली आहे. एकेक बेट दुबळे आहे. सारी बेटे मिळून मात्र या धंद्याचे दार आहेत.

२०/
कंपन्यांना हे चांगलेच उमगलेले आहे. खासगी बेटे हे त्यांचे उत्तर. बहामातील लिटल स्टिरप के आता ‘कोकोके’ आहे, गोर्डा के हे डिस्नेचे ‘कास्टअवे के’ आहे, लिटल सॅन साल्वाडोर हे ‘हाफ मून के’ आहे. जुनी नावे पुसून नवी दिली गेली. कायद्याला हवे असलेले परके बंदरही मिळते आणि प्रवाशाचा खर्च कंपनीच्याच गल्ल्यात राहतो. परदेशाची अट पाळायची, पण परदेशी माणसाशी सौदा करायचा नाही, अशी ही युक्ती आहे.

२१/
हैतीतील लाबादी हे त्याचे सर्वांत बोचरे रूप. १९८६ पासून रॉयल कॅरिबियनच्या ताब्यातील हा कुंपणबंद किनारा काप-हैतियाँजवळ आहे. १७९१ चा गुलामांचा महाउठाव याच उत्तर प्रांतात पेटला. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका आणून या स्वतंत्र राष्ट्राकडून १५ कोटी फ्रँकची खंडणी कबूल करून घेतली. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात राजधानी उद्ध्वस्त झाली, आणि तीनच दिवसांनी लाबादीला क्रूझ जहाज लागले. जहाजाने मदतसाहित्यही उतरवले, हे नमूद केले पाहिजे. पण कुंपणाच्या एका बाजूला सुट्टी आणि दुसऱ्या बाजूला हैती, हे दृश्य त्यामुळे पुसले जात नाही.

२२/
नकार देता येतो का? मेक्सिकोने २०२४ च्या अखेरीस दर क्रूझ प्रवाशामागे सुमारे ४२ डॉलर आकारण्याचा कायदा केला. कंपन्यांनी दबाव आणला. तडजोडीत जुलै २०२५ पासून ५ डॉलर आणि टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २१ डॉलर असे ठरले. कोणी याला माघार म्हणेल. परंतु ग्रेनाडाच्या दीड डॉलरशी तुलना करावी. मेक्सिको मोठा देश, त्याच्याकडे कोसुमेलसारखे टाळता न येणारे बंदर, म्हणून जहाजे वळली नाहीत. लहान बेटांना हे मोठेपण फक्त एकजुटीने मिळू शकते. १८९२ मध्ये पाट्या वाहणाऱ्या बायकांना जे समजले होते, ते बेटांच्या मंत्रिमंडळांना समजू नये, हे दुर्दैव.

२३/
या कथेशी मराठी-कोकणी किनाऱ्याचा धागा खराखुरा जुळलेला आहे. परदेशी जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोवेकर खलाशांच्या पिढ्या मुंबईत धोबी तलाव परिसरातील गावोगावच्या ‘कूड’मध्ये राहून बोट मिळण्याची वाट पाहत. आजही गोवा आणि कोकणातील कित्येक तरुण कॅरिबियन क्रूझवर काम करतात. तेव्हा किनाऱ्यावरचा हमाल गमावलेला आवाज जहाजावरच्या वाढप्याला तरी मिळाला आहे का, हा प्रश्न या घरांतून विचारला जायला हवा. मालक एका देशाचा, ध्वज दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याचा. दाद मागायची ती कोणाकडे?

२४/
सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. भारत हे लहान बेट नव्हे, त्याची सौदाशक्ती मोठी आहे. म्हणूनच ‘किती जहाजे येणार’ एवढ्यावर टाळ्या वाजवणे त्याला शोभत नाही. धक्क्याचा खर्च कोणाचा, प्रवाशामागे कर किती, कचरा कुठे जाणार, सहली कोण विकणार, जहाजावर कायदा कोणाचा : ही पाच कलमे करारात पाहावीत. कॅरिबियन बेटांनी ही शिकवणी फार महाग दराने घेतली आहे. भारताला ती फुकट उपलब्ध आहे.

२५/
इतिहासप्रेमी तरुणांनी यापुढे क्रूझचे ते तिसरे चित्र पाहताना जहाजाच्या मागच्या अंगाला रंगवलेले नोंदणी-बंदराचे नाव वाचावे. तिथे नासाऊ किंवा पनामा असे लिहिलेले असेल, आणि ते वाचून मग धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावे. फाल्मथमध्ये पुरलेल्या साखळदंडांच्या पेटीशेजारी आणखी एक पेटी पुरायची राहून गेली आहे. परक्या कायद्याच्या, परक्या भावाच्या आणि बेटाबेटांतील फुटीच्या कागदांची. ते काम फाल्मथ, नासाऊ आणि सेंट जॉर्जेसच्या लोकांचे आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी निदान ती पेटी अजून पुरलेली नाही, एवढे खरे सांगावे.

(धागा समाप्त)
#इतिहास #कॅरिबियन #बंदरे